स्थालीपुलाकन्याय

परवां द्वादशीच्या सकाळीं आमच्या धाकट्या सूनबाई भात शिजला कीं नाहीं तें पाहत होत्या. त्यांनीं पातेल्यावरचें झांकण बाजूला केलें, पळी आंत घालून दोन शितें काढलीं आणि बोटांनीं चेपून पाहिलीं. जवळच घुटमळत असलेल्या नातवानें मला विचारलें, "आजोबा, दोन शितांवरून सगळा भात कसा कळतो?" मास्तरकी सोडून वर्षें झालीं तरी असा प्रश्न कानीं पडला कीं जीभ शिवशिवते. मीं त्याला स्थालीपुलाकन्याय सांगितला. स्थाली म्हणजे पातेलें आणि पुलाक म्हणजे शीत. एक शीत शिजलेलें आढळलें कीं बाकीचीं शिजलीं असें अनुमान करावें, कारण अग्नि एक, पाणी एक आणि भांडेंही एक. शितावरून भाताची परीक्षा असें आपण म्हणतों तीच ही गोष्ट. सूनबाई हंसून म्हणाल्या, "अप्पा, पण मी पळी तळापर्यंत घालते ती उगीच नाही. नुसतं वरचं शीत पाहून भात उतरवाल तर फसाल. कधी तळाशी करपलेला असतो आणि वर अजून कणी राहिलेली असते."

तीस वर्षें मीं मुलांकडून हा न्याय पाठ करून घेतला. रोज भात करणाऱ्या माणसाला मात्र त्याविषयीं कधीं विचारलें नव्हतें.

ही गोष्ट येथें सांगण्याचें कारण असें. या सदराच्या एका वाचक भगिनींनीं पत्र लिहून विचारलें आहे कीं, २०२० सालीं कोरोनाची सांथ आली तेव्हां 'हा रोग कामकऱ्यांच्या वस्त्यांतून आपल्या घरांत येतो' असें घरोघर बोललें जात होतें. त्याला कोणीं मोजून पाहिलेला आधार आहे, कीं ती नुसती समजूत होती? प्रश्न चांगला आहे. मी वैद्य नव्हे. परंतु हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच पळी कोठवर घातली याचाही आहे, आणि तेवढ्यापुरतें बोलण्यास हरकत नसावी.

सांथींतील रोग्यांची गणती दोन रीतींनीं होते. जो माणूस आपण होऊन दवाखान्यांत जातो, तपासला जातो आणि वहींत चढतो, त्याची गणती ही पहिली रीति. त्या वर्षीं रोज सायंकाळीं जे आंकडे आपण श्वास रोखून ऐकत होतों ते या वहींतले. दुसरी रीति म्हणजे मोजणाऱ्यानें लोकांच्या दारीं जावयाचें, चिठ्ठ्या टाकाव्यात तशीं घरें निवडावयाचीं, आणि ज्याला ताप नाहीं, खोकला नाहीं, त्याचीही तपासणी करावयाची. पहिल्या रीतींत वहीवर जो येतो त्याला दवाखान्याचा रस्ता ठाऊक असतो, आणि तेथें नांव लागलें तर फारसें कांहीं बुडणार नाहीं असा भरंवसाही असतो. म्हणजे तें पातेल्यांतलें वरचें शीत.

आपल्या जिल्ह्यापुरतें पाहूं. नाशिक जिल्ह्यांत पहिला रोगी २०२० च्या मार्चअखेर लासलगांवाजवळ सांपडला. ८ एप्रिल रोजीं मालेगांवीं रोगी निघाले, आणि पाहतां पाहतां राज्यांतील मोठ्या संसर्गकेंद्रांत त्या गांवाचें नांव आलें. मालेगांव म्हणजे यंत्रमागांचें गांव. लहानशा खोलींत कुटुंबें दाटीनें राहतात, आणि एक पाळी कामावर गेली कीं तिच्या जागीं दुसरी पाळी निजते असेंही चालतें. टाळेबंदीमुळें माग थांबलेले, हातीं पैसा नाहीं, आणि साऱ्या पाळ्यांचीं माणसें एकाच वेळीं घरांत कोंडलेलीं. अशा घरांतील विणकराला ताप आला तर त्यानें काय करावें? तपासणी करून घेतली आणि बाधा निघाली, तर गल्लीला पत्रे ठोकले जाणार, घरचीं माणसें विलगीकरणांत जाणार, आणि नेलेला माणूस परत दिसेल कीं नाहीं ही धास्ती वेगळीच. तो गप्प राहिला तर त्याला अडाणी म्हणणें सोपें आहे. पण वहींत नांव नाहीं म्हणून रोग नव्हता असें होत नाहीं. त्या एप्रिलांत मालेगांवच्या कबरस्तानांत आदल्या वर्षीच्या एप्रिलाहून कितीतरी अधिक दफनें झालीं. खासगी दवाखाने बंद असल्यानें त्यांतील कित्येक जण दुसऱ्या दुखण्यांनींही गेले असतील. दफनांवरून रोगाचें माप निघत नाहीं. दवाखान्याची वही अपुरी होती एवढें मात्र निघतें.

त्याच सुमारास मुंबई-आग्रा रस्त्यानें, कसारा घाट चढून, मजुरांची जी रांग नाशिकवरून उत्तरेकडे चालली होती ती आपल्यापैकीं पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे. डोक्यावर बोचकें, कडेवर मूल, पायांत असलीच तर चप्पल. १ मे रोजीं रात्रीं नाशिकरोड स्थानकांतून भोपाळकडे अशा मजुरांची एक गाडी सुटली. श्रमिकांसाठीं सोडलेल्या देशांतील अगदीं पहिल्या गाड्यांपैकीं ती एक. या मजुरांत रोग किती होता? तें पाहण्याची एक शहाणपणाची युक्ति बिहार सरकारनें त्या मे महिन्यांत केली. परतणाऱ्या मजुरांतून, लक्षणें असोत वा नसोत, कांहीं जण निवडून त्यांच्या घशांतील नमुने तपासले. दिल्लीहून आलेल्यांत सुमारें चारांत एकाला विषाणु सांपडला, महाराष्ट्रांतून आलेल्यांत सुमारें दहांत एकाला. जीं शहरें या लोकांना ठेवून घ्यावयास तयार नव्हतीं, त्याच शहरांतील रोगाचा अंदाज शेवटीं त्यांच्या घशांतून मिळाला!

घशांतील नमुना मात्र आज विषाणु आहे कीं नाहीं एवढेंच सांगतो. थोड्या दिवसांत ती खूण पुसली जाते. रक्ताचें तसें नाहीं. विषाणु शरीरांत येऊन गेला कीं त्याच्याशीं झुंजण्यासाठीं झालेलीं प्रतिपिंडें पुढें कित्येक महिने रक्तांत राहतात. नाशिककरांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. गोदेला पूर आला कीं आपण दुतोंड्या मारुतीकडे पाहतों: पाणी पायाशीं लागलें, कमरेला आलें, कीं छातीपर्यंत चढलें. पूर ओसरल्यावरही मारुतीच्या अंगावरील गाळाची रेघ पाहून काल पाणी कोठवर आलें होतें तें सांगतां येतें. रक्ताची पाहणी म्हणजे ही रेघ पाहणें होय. ज्याला आपल्याला रोग झाल्याचा पत्ताही लागला नाहीं त्याच्याही अंगावर ती उमटलेली असते.

ही रेघ पाहण्याचें देशी साधन आपल्या महाराष्ट्रांतच तयार झालें. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें मे २०२० मध्यें 'कवच' नांवाची रक्तचाचणी सिद्ध केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें त्या मे-जूनमध्यें देशांतील ७० जिल्हे निवडले आणि प्रत्येकीं ४०० प्रमाणें २८,००० प्रौढांचें रक्त तपासलें. आपल्या राज्यांतले सहा जिल्हे त्यांत होते. आपले शेजारी जळगांव व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) हे त्यांपैकींच. त्या २८,००० मध्यें १५७ जणांचें रक्त बाधित ठरलें. लोकसंख्येच्या मानानें हिशेब करतां शेंकडा ०.७३, म्हणजे शंभरांत एकही नाहीं. आंकडा चिमुकला दिसतो. पण देशाच्या प्रौढ लोकसंख्येला तो लावला कीं मेच्या आरंभापर्यंत सुमारें ६४ लाख लोकांना संसर्ग होऊन गेला असें निघतें, आणि तेव्हां सरकारी वहींत रोगी होते हजारांनीं. वहींतील एका रोग्यामागें वहीबाहेर ऐंशीहून अधिक!

येथें थोडें अंकगणित सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं. कोणतीही चाचणी पूर्ण खरें बोलत नाहीं. समजा, ती निरोगी अशा शंभर माणसांतील दोघांना चुकून बाधित म्हणते. एक हजार माणसांत खरे बाधित सातच असतील, तर चुकीनें बाधित ठरलेले वीस होतील, आणि सत्तावीसांच्या त्या घोळक्यांत खरे कोण व खोटे कोण हें कळेनासें होईल. म्हणूनच त्या पहिल्या पाहणींत एका चाचणीनें बाधित ठरलेल्यांचें रक्त निराळ्या चाचणीनें पुन्हां तपासलें, आणि दोन्हींत टिकले तेवढेच धरले. रोग विरळ असतां ही काळजी अवश्य घ्यावी लागते. रोग जेथें निम्म्या लोकांना शिवला आहे तेथें मात्र शंभरांत दोनांच्या चुकीनें चित्र पालटत नाहीं.

तो निम्म्या लोकांना शिवला होता हें मुंबईनें दाखविलें. जूनअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनीं मिळून शहराच्या तीन प्रभागांत, म्हणजे माटुंगा-वडाळ्याकडील एफ उत्तर, चेंबूरकडील एम पश्चिम आणि दहिसरकडील आर उत्तर यांत, सुमारें ६,९०० लोकांचें रक्त तपासलें. शहाणपणाची गोष्ट ही कीं झोपडपट्टींतील आणि इमारतींतील माणसें त्यांनीं आरंभापासूनच निरनिराळीं मोजलीं. झोपडपट्टींत शेंकडा ५७ जणांच्या रक्तांत खूण सांपडली, इमारतींत शेंकडा १६ जणांच्या. प्रभाग तेच, पावसाळा तोच, बाजारही तोच. या दोन आंकड्यांची सरासरी काढून मुंबईंत अमुक टक्के लोकांना रोग झाला असें कोणी म्हणेल, तर तें करपलेला तळ व कणी राहिलेला वरचा थर एकत्र धरून भात बेताचा शिजला म्हणण्यासारखें होईल. सूनबाई त्याला स्वयंपाकघरांत पाऊल टाकूं देणार नाहींत.

पाहणी वस्तीची होती, धंद्याची नव्हती, हें खरें. पण मुंबईच्या झोपडपट्टींत राहतो कोण? कचरा उचलणारा, इमारतीवर विटा वाहणारा, हातगाडी ओढणारा, आणि आपल्या घरचीं भांडीं घासणारी. टाळेबंदींत आपण दारें लावून बसलों तेव्हां शहराचें पाणी, दूध व कचरा ज्यांनीं चालू ठेवला त्यांतले बहुतेक रात्रीं तेथेंच निजावयास जात. आणखी एक बारकावा असा कीं बायकांत बाधेचें प्रमाण पुरुषांपेक्षां थोडें अधिकच निघालें.

कारण शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. पुण्यांत २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळांत आयसर संस्था व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांच्या संशोधकांनीं रोगाचा जोर असलेल्या पांच प्रभागांत १,६६४ लोकांचें रक्त तपासलें, आणि एक प्रश्न असा विचारला कीं तो मला फार मार्मिक वाटतो: शौचकूप घरचा कीं सामायिक? घरचा असणाऱ्यांत बाधेचें प्रमाण शेंकडा ४५.३ निघालें, सामायिक वापरणाऱ्यांत ६२.३. लोहियानगर-काशेवाडींत तें ६५.४ होतें, कसबा-सोमवार पेठेंत ३६.१. सहा फुटांचें अंतर ठेवा असा उपदेश दूरध्वनीवर दिवसांतून वीस वेळां कानीं पडे; पण ज्याला पहांटे रांगेंत उभें राहून पंचवीस घरांसाठीं असलेलें एकच दार गांठावयाचें आहे, त्यानें तें अंतर आणावें कोठून? आणि कसब्यांतील ३६ हा आंकडा पाहून आपण निर्धास्त व्हावें असेंही नाहीं. तिघांत एक म्हणजे थोडे नव्हेत. तेथील वाड्यांत आमच्यासारखींच कुटुंबें राहतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला कांहीं झालें याची वार्ताही नव्हती.

या पाहण्यांत उणिवाही आहेत, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. प्रतिपिंडें कालांतरानें रोडावतात. त्याच तीन प्रभागांत ऑगस्टमध्यें दुसरी पाहणी झाली, तेव्हां झोपडपट्टीचा आंकडा वाढण्याऐवजीं ४५ वर उतरला. इमारतींचा १८ झाला. एकदां झालेला संसर्ग न झालेला होत नसतो. मारुतीच्या अंगावरची रेघच पावसानें धुवून निघत होती. दुसरी उणीव अधिक गंमतीची आहे. रक्त द्यावयाचें कीं नाहीं हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतें, आणि इमारतींतील लोकांना राजी करणें झोपडपट्टीपेक्षां जड गेलें. ज्यांना आपण तपासणीला भिणारे अडाणी म्हणतों त्यांनीं हात पुढें केले, आणि शिकल्या-सवरल्या घरांचीं दारें उघडेनात!

आतां वाचक भगिनींचा मूळ प्रश्न. रोग वस्तींतून आपल्याकडे आला काय? महाराष्ट्रांतील पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत निघाले. तें जोडपें विमानानें दुबईचा प्रवास करून आलें होतें, आणि त्यांना मुंबईहून पुण्यास आणणारा टॅक्सीचालक दुसऱ्याच दिवशीं बाधित ठरला. सगळ्या सांथीचा रस्ता या एका टॅक्सींत दिसतो. पारपत्र असणाऱ्यांनीं रोग आणला, गाडी चालविणाऱ्याला तो लागला, आणि दाट वस्तींत शिरल्यावर त्यानें निम्मी वस्ती व्यापली. पुढील वर्षीं पुन्हां फांसा पालटला. मार्च २०२१ मध्यें मुंबईंत दुसरी लाट चढूं लागली तेव्हां नव्या रोग्यांतील सुमारें शेंकडा ९० इमारतींतले असल्याचें महापालिकेनेंच सांगितलें. वस्तींतून निराळी आणि आपल्या सोपानावरून निराळी अशी वाट विषाणूला असतच नाहीं. जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी पाहणींत तर सहा वर्षांवरील शेंकडा ६७.६ लोकांच्या रक्तांत प्रतिपिंडें निघालीं. त्यांत कांहीं लसीचींही होतीं.

तरी एक वाक्य मीं त्या दिवसांत बैठकींत अनेकदां ऐकलें, आणि तें ऐकून माझा संताप होई. 'अहो, ही माणसें काटक असतात, त्यांना कांहीं होत नाहीं.' मुंबईच्या पाहणीवरूनही कोणी तसें म्हणूं शकेल. बाधितांच्या मानानें नोंदलेले मृत्यु झोपडपट्टींत दहा हजारांत आठांच्या आंतच होते, इमारतींत सुमारें सव्वीस. पण झोपडपट्टींत म्हातारीं माणसें कमी, आणि तेथला प्रत्येक मृत्यु खऱ्या कारणासह वहींत चढतो असें कोणी सांगावें?

काटकपणाची परीक्षा पाहावयाची तर १९१८ सालाकडे जावें. इन्फ्लुएन्झाचा विषाणु माणसांत सांपडला १९३३ मध्यें. त्यामुळें १९१८ च्या सांथींत रक्त तपासून संसर्ग मोजण्याचें साधनच नव्हतें, मोजतां येत ते फक्त मृत्यु. त्या जूनमध्यें मुंबईंत आधीं कांहीं पोलीस शिपाई तापानें रुग्णालयांत गेले. त्यांतील एक गोदीवर कामाला होता. मग गोदी, कचेऱ्या, गिरण्या असा ताप पसरत गेला. पावसाळ्यानंतर तो दुणावून परत आला, आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबईंत ७६८ माणसें मेलीं. शहराचे आरोग्याधिकारी टर्नर यांनीं त्यांची वर्गवारी ठेवली होती. दर हजारीं मृत्यूंचें प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२ आणि त्या अहवालांत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदु' म्हटलें आहे त्यांच्यांत ६१.६. शहर एक, ताप एक, भांडें एक! झाडूवाले, हमाल, गोदींतील मजूर हे याच शेवटच्या रकान्यांतले. त्या दशकांत सबंध हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली. १९११ पेक्षां १९२१ ची शिरगणति कमी भरली, आणि असें शिरगणतीच्या इतिहासांत तेवढें एकदांच झालें आहे. मरणारे बहुतेक हाताच्या कष्टावर जगणारेच होते. काटकपणा त्यांच्या कामीं आला नाहीं.

हें सारें लिहून झाल्यावर स्वतःच्या घराविषयीं न लिहिणें बरें दिसणार नाहीं. आमच्या वाड्यांत चौदा वर्षें धुणीं-भांडीं करणाऱ्या एक मावशी आहेत. पंचवटीकडील एका वस्तींत राहतात. २२ मार्च २०२० पासून आम्हीं त्यांना येऊं नका म्हणून सांगितलें. एप्रिल आणि मे यांचा पगार घरपोंच केला. जूनपासून मात्र, काम नाहीं तर पगार कसला, असें घरांत ठरलें. ठरविणाऱ्यांत मी होतों. ऑक्टोबरांत त्यांना परत बोलाविलें, आणि त्या कांहीं न बोलतां कामाला लागल्या.

डिसेंबरांत माझा पुतण्या, जो एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेंत नोकरीस आहे, हौसेनें घरांतील सर्वांचें रक्त घेऊन गेला. अकरांपैकीं तिघांना प्रतिपिंडें निघालीं. तिघांतले कोणीही त्या वर्षांत अंथरुणाला खिळलेलें नव्हतें, आणि त्या तिघांत एक मी. म्हणजे सांथींत आठ महिने मी ज्या काटेकोरपणानें सोंवळें पाळलें त्याचें हें फळ. कोठून आला कोणास ठाऊक; भाजीवाल्याकडून असेल, बँकेंतल्या रांगेंत असेल, पण मावशींकडून खास नव्हे, असा मीं हिशेब केला, कारण त्या तर उंबऱ्याबाहेर होत्या.

मग पुतण्या म्हणाला, मावशींचेंही पाहूं. त्यांना विचारलें तेव्हां त्यांनीं हात पदराला पुसले आणि आधीं विचारलें, "निघालं तर कामावरून काढणार नाही ना?" काढणार नाहीं असें सूनबाईंनीं वचन दिल्यावर त्यांनीं हात पुढें केला. प्रतिपिंडें भरपूर निघालीं. तें सांगितलें तेव्हां त्यांना मुळींच नवल वाटलें नाहीं.

"जूनमध्येच झालं होतं गुरुजी, आम्हाला सगळ्यांनाच. तोंडाला चव नव्हती. मिरचीचा ठेचा खाल्ला तरी कळत नव्हता. मामंजी चार दिवसांत गेले. दाखल्यावर दम्यानं गेले असं लिहिलंय."

"मग दवाखान्यांत कां नाहीं गेलांत?" मीं विचारलें. प्रश्न तोंडांतून गेल्यावर तो विचारावयास नको होता असें वाटलें.

"गेलो असतो तर गल्लीला पत्रे लागले असते, पेपरात नाव आलं असतं वस्तीचं. मग तुम्ही मला परत बोलावलं असतंत का?"

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. पुतण्यानें आपल्या वहींत त्यांच्या नांवापुढें जून महिना लिहून घेतला. राहिलेल्या चार महिन्यांचा पगार आम्हीं त्याच आठवड्यांत त्यांना दिला. तो त्यांनीं मोजून कनवटीला लावला, आणि उद्यां वर्षश्राद्धाचें सामान आणावयाचें आहे तर भांड्यांना थोडा उशीर झाला तर चालेल का, असें सूनबाईंना विचारलें. वर्षश्राद्ध तर जूनमध्यें यावयाचें, असें मी म्हणालों. त्या म्हणाल्या, तें मामंजींचें. हें त्यांच्या मोठ्या दिरांचें, आदल्या सालचें. आमच्याकडे चौदा वर्षें येणाऱ्या बाईंच्या घरीं दीर वारले होते, हेंही मला त्या दिवशीं प्रथम कळलें.